बाई, माझे पागोटे गाळू नका!

मुलींच्या शाळेतल्या निरोप समारंभाला रुमाल लागतात आणि मुलांच्या शाळेतल्या निरोप समारंभाला समोसे. पुण्याच्या पेठेतल्या एका मुलांच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवल्यानंतर हे विधान मी छातीठोकपणे करू शकते. आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर मुलींची शाळा होती. जानेवारी संपत आला की तिकडून हुंदके ऐकू यायचे. मुली एकमेकींच्या वह्यांत संदेश लिहायच्या, बाईंच्या गळ्यात पडायच्या. आणि आमच्याकडे? दहावीचे बावन्न दांडगट माझ्याभोवती कोंडाळे करून एकच प्रश्न विचारायचे, ''बाई, माणशी समोसे एक की दोन?''

मुलगे रडत नाहीत, असे त्यांना कोणीतरी पाळण्यातच सांगून ठेवलेले असते. शाळा सोडण्याचे दुःख झालेच तर ते खडू फेकतील, बाक वाजवतील, जिन्यावरून घसरतील, पण डोळ्याला हात लावणार नाहीत. मग त्यांनी मनातले बोलावे कसे? त्यासाठी आमच्या शाळेत एक जुनी, खोडकर आणि फार शहाणी पद्धत होती. तिचे नाव शेलापागोटे.

शेला म्हणजे खांद्यावर घ्यायचे भारी वस्त्र, पागोटे म्हणजे डोक्याला गुंडाळायचे. ही दोन्ही देऊन माणसाचा सन्मान करायचा ही आपल्याकडची जुनी रीत. शाळा-कॉलेजच्या पोरांनी ती उलटी केली. भर सभेत एखाद्याची खोडी चारोळीतून वाचून दाखवायची, वर काहीतरी गमतीची भेट द्यायची आणि याला म्हणायचे सन्मान! इंग्रजी वळणाच्या कॉलेजांत यालाच फिशपॉन्ड म्हणतात. चिठ्ठ्यांच्या तळ्यात गळ टाकायचा, येईल तो मासा आपला.

आमचे तळे म्हणजे खडूचे रिकामे खोके. पंधरा दिवस ते माझ्या टेबलावर असे. त्यात कोणीही चिठ्ठी टाकावी, खाली सही नको. नियम एकच. नाव लिहायचे नाही, रोल नंबर लिहायचा. त्यामुळे मीही आज या मुलांची नावे सांगणार नाही. चाळिशी ओलांडलेली, पोट सुटलेली, लेकरांना अभ्यासावरून रागावणारी ही माणसे आता आहेत. त्यांच्या मुलांच्या हाती हा अंक पडला तर घरात पंचाईत नको!

ही गोष्ट १९९६ च्या दहावी 'क'ची.

रोल नंबर तीन

हा रोज उशिरा येई. प्रार्थना संपून हजेरी निम्मी झाली की दारात उभा. घामाघूम चेहरा, हाताला काळे. ''बाई, सायकलची चेन पडली.'' आठवड्यातून तीनदा चेन पडे, एकदा पंक्चर होई. मला त्या सायकलची दया येऊ लागली. पालकसभेला त्याची आई आली तेव्हा मी म्हटले, ''अहो, त्याला एकदा चांगली सायकल तरी घेऊन द्या.'' माउली गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने खिडकीतून बोट दाखवले. रस्त्यापलीकडच्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर त्यांचे घर. गॅलरीत वाळत घातलेला त्याचा गणवेशाचा शर्ट माझ्या वर्गातून दिसत होता. सायकल त्याच्याकडे कधी नव्हतीच. हात काळे करण्यासाठी तो जिन्याखाली लावलेल्या शेजाऱ्यांच्या सायकलीची चेन चोळून येई!

त्याचे पागोटे असे होते :

घर समोर, शाळा समोर, मधे फक्त रस्ता,
सायकल नसता चेन पडली, बहाणा किती सस्ता!

भेट म्हणून जुन्या बाजारातून आणलेली गंजकी चेन लाल रिबीन बांधून दिली. त्याने ती गळ्यात घातली आणि छाती काढून सभागृहाला एक फेरी मारली.

रोल नंबर अकरा

वर्गात पहिला येणारा. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटत असोत की झाडाचे पान अन्न तयार करीत असो, याचा हात वर. ''बाई, हे परीक्षेला येणार का?'' 'नाही' म्हटले की हा पेन खाली ठेवी. त्याच्या दप्तरात सात पेने, दोन कंपासपेट्या आणि अप्पा बळवंत चौकात मिळणारे झाडून सारे प्रश्नसंच. पेपर लिहायला बसला की इतक्या पुरवण्या लावी, की उत्तरपत्रिका बांधायला एक दोरा पुरत नसे.

घंटा झाली, दिवे लागले, शिपाईमामा झोपले,
अकरा नंबर पुरवणी मागे, शाळेचे कागद संपले!

त्याला पांढऱ्या दोऱ्याचे आख्खे रीळ मिळाले. सगळे हसले, पण याने रीळ नीट खिशात ठेवले आणि गंभीरपणे विचारले, ''बाई, बोर्डाच्या पेपरला हे चालेल ना?''

एकोणीस आणि वीस

हे दोन नंबर वेगळे लिहिण्यात अर्थ नाही. पाचवीपासून एकाच बाकावर. एकाने वाक्य सुरू करावे, दुसऱ्याने संपवावे. एकाला ताप आला की दुसरा शाळेत येऊन सांगे, ''बाई, आम्हाला बरं नाही.'' त्यांच्या डोक्यात अभ्यासाला राखीव जागा थोडी आणि क्रिकेटला अमर्याद. त्यातून दहावीची परीक्षा आणि क्रिकेटचा विश्वचषक एकाच मार्चमध्ये आलेले. एवढा अन्याय कुठल्याच पिढीवर झाला नव्हता, असे त्यांचे ठाम मत होते.

२९ फेब्रुवारी १९९६ ला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर वेस्ट इंडीज आणि केनियाचा सामना होता. परीक्षा तोंडावर. एकोणीसने घरी सांगितले, वीसकडे अभ्यासाला जातो. वीसने सांगितले, एकोणीसकडे जातो. दोघे लाराला बघायला स्टेडियमवर हजर. दुर्दैवाने त्याच दिवशी दोघांच्या आया मंडईत भाजी घेताना भेटल्या. ''तुमच्याकडे अभ्यास नीट करतोय ना?'' ''अहो, तो तर तुमच्याकडे आलाय!''

इकडे लारा ८ धावांवर बाद झाला. केनियाच्या १६६ धावांपुढे वेस्ट इंडीजचा सगळा संघ ९३ मध्ये गारद. नवख्या केनियाने ७३ धावांनी सामना जिंकला. विश्वचषकाच्या इतिहासातल्या मोठ्या धक्क्यांत आजही त्याची गणना होते. एकोणीस मला नंतर म्हणाला, ''बाई, इतिहास घडला'' आणि वीसने वाक्य पूर्ण केले, ''आणि घरी गेल्यावर भूगोल बिघडला.''

रोल नंबर सत्तावीस

वर्गात असला की तास चालत नसे, बाहेर काढला की चाले. त्यामुळे वर्षातला बराच काळ त्याने दाराबाहेर उभे राहून काढला. शिपाईमामांशी त्याची दाट मैत्री झाली. घंटेला दोन मिनिटे उरली की मामा त्यालाच टोल द्यायला लावत. शाळेत कोण पाहुणे आले, मुख्याध्यापकांचा पारा किती चढला आहे, साहेब पाहणीला केव्हा येणार, याची पक्की खबर फक्त याच्याकडे.

गंमत पुढेच आहे. पूर्वपरीक्षेत भूगोलात तो वर्गात दुसरा आला. मी चक्रावले. कॉपीचा संशय घेऊन बोलावले, तर म्हणाला, ''बाई, आमच्या दारात उभं राहिलं की शेजारच्या 'ब'चं सगळं ऐकू येतं. तिथले सर भूगोल फार छान शिकवतात.'' आमच्या 'क'ला भूगोल मीच शिकवीत होते!

वर्गात कमी, दाराशी जास्त, सत्तावीसची स्वारी,
शाळेने त्याला देऊन टाकावी कायमची पहारेदारी!

रोल नंबर चौतीस

हा नववीत दोनदा नापास झाल्याने सर्वांपेक्षा मोठा. उंच, धिप्पाड, ओठावर चांगली मिशी. एकदा नवे सर वर्गावर आले. हा दारातून आत शिरताच सर अदबीने उठून उभे राहिले आणि म्हणाले, ''या, बसा ना. आपण कोणाचे पालक?'' याने खाली मान घालून उत्तर दिले, ''सर, माझाच मी.''

ते उत्तर विनोदाने दिलेले नव्हते. ते खरेच होते. वडील अंथरुणाला खिळलेले. पहाटे चार वाजता हा मंडईत मामाच्या गाळ्यावर पोती उतरवायला जाई आणि तिथून थेट शाळेत. तोंडी हिशेबात तो गणिताच्या सरांना हरवी. साडेतीन किलो वांगी, पावणेदोन किलो गवार आणि वर कोथिंबिरीच्या जुड्या, बेरीज क्षणात तयार. पण तोच हिशेब 'क्ष' मानून मांडा म्हटले की गडी घामाघूम. वर्षभर अकरा नंबरने त्याला मधल्या सुट्टीत बीजगणित शिकवले. 'क्ष' म्हणजे वांगी समज, 'य' म्हणजे गवार! परीक्षेला न येणाऱ्या गोष्टीसाठी अकरा नंबरने आयुष्यात वेळ घालवला तो एवढाच.

त्याला भेट मिळाली मिशीसाठी छोटा कंगवा. पागोट्यांच्या खोक्यात त्याच्या गरिबीवर, कामावर एकही चिठ्ठी नव्हती. पोरांना काही गोष्टी न सांगता कळतात. पण सगळ्याच कळत नाहीत, हे मला अनुभवाने ठाऊक होते.

एक चूक

आता थोडे मागे जाते. १९८९ सालची गोष्ट. तेव्हा मी शाळेत नवी होते आणि चिठ्ठ्या आधी वाचून बघण्याची पद्धत नव्हती. त्या वर्गातला एक मुलगा बोलताना अडखळत असे. सूत्रसंचालन करणाऱ्या पोराने त्याच्यावरची चिठ्ठी त्याच्याच सारखे अडखळत वाचली. सभागृह कोसळले. आणि सांगायला लाज वाटते, मीही हसले. पहिल्या रांगेत बसून, पदर तोंडाला लावून हसले.

तो मुलगा पुढे आला. त्याने भेट घेतली, तो एक लहान बाळाचा खुळखुळा होता. हसून सर्वांना नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसला. समारंभ संपल्यावर मी बाके तपासत गेले, तेव्हा त्याच्या बाकावर समोसा तसाच ठेवलेला होता. निकालानंतर दाखला न्यायला तो आला नाही, त्याचे वडील आले. त्याच्या वर्गातली मुले पुढे दिवाळीला, गुरुपौर्णिमेला भेटायला येत राहिली. तो कधीच आला नाही.

त्या वर्षापासून मी नियम केला. प्रत्येक चिठ्ठी आधी माझ्या नजरेखालून जाईल. रंग, उंची, जाडी, जात, घरची परिस्थिती आणि बोलण्यातले व्यंग यांवरची चिठ्ठी फाडली जाईल. माणूस जे करतो त्यावर हसा, जे तो बदलू शकत नाही त्यावर नको.

रोल नंबर चौदा

आणि १९९६ च्या वर्गात पुन्हा एक तसाच मुलगा होता. रोल नंबर चौदा.

त्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे 'हजर' हा शब्द. नंबर पुकारला की तो उठून उभा राही, ओठ हलत, मानेच्या शिरा ताणत, पण 'ह' काही केल्या बाहेर पडत नसे. आठवीत एकदा घाईत असलेल्या सरांनी, समोर उभ्या असलेल्या या मुलाची गैरहजेरी मांडली. दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर आला आणि त्याने बोलायच्या ऐवजी बाकावर बोटाने दोनदा वाजवले. टक् टक्. तेव्हापासून तीच त्याची हजेरी. वर्गाने ती इतकी सहज स्वीकारली, की कोणी वळूनही बघत नसे.

हाच मुलगा प्रार्थनेत सर्वांबरोबर खणखणीत म्हणे. गाताना तर अडखळण्याचे नावही नाही. तेव्हा मला ते कोडे वाटे. आता माहीत आहे, की अडखळत बोलणाऱ्या बहुतेकांचे असेच असते. गाताना किंवा इतरांच्या सुरात सूर मिसळून म्हणताना शब्द मोकळे होतात. मोठ्या माणसांत शंभरात सुमारे एकाला हा त्रास असतो आणि बायकांपेक्षा पुरुषांत तो कितीतरी अधिक आढळतो. बुद्धीशी त्याचा काही संबंध नाही. अशा मुलाला 'सावकाश बोल' म्हणून दटावू नये, त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. त्याच्याकडे बघत, घाई न करता ऐकावे, एवढेच आपल्या हातात असते.

तर खोक्यातल्या चिठ्ठ्या मी घरी नेऊन वाचत होते. चौदा नंबरवर तीन चिठ्ठ्या निघाल्या. तिन्ही त्याच्या बोलण्यावर. मी तिन्ही फाडल्या आणि नियम पाळल्याच्या समाधानात चहा टाकला. पुढची चिठ्ठी उघडली तर ती माझ्याच नावाने होती. अक्षर ओळखीचे, चौदा नंबरचे. त्यात लिहिले होते :

''बाई, तुम्ही माझ्यावरच्या चिठ्ठ्या गाळणार हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी आमच्यापुढच्या वर्गातही तुम्ही असे केलेत. पण मग बावन्न मुलांपैकी एकट्या माझे पागोटे नसेल. सगळ्यांना कळेल का नाही ते. ते हसण्यापेक्षा वाईट आहे. बाई, माझे पागोटे गाळू नका. मीच लिहून दिले आहे.''

खाली दोन ओळी होत्या. चहा उतू गेला तरी मी त्या वाचत बसले होते.

सात वर्षांपूर्वी मी एका मुलाला हसून दुखावले होते. आता दुसऱ्याला जपण्याच्या नावाखाली मी रांगेतून बाहेर काढत होते. खरे सांगायचे तर ती रात्र मला झोप लागली नाही. वाचावे तर १९८९ पुन्हा घडण्याची भीती. न वाचावे तर त्याने मागितलेली एकमेव गोष्ट नाकारायची. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला बोलावून विचारले, ''वाचू ना रे नक्की?'' त्याने मान हलवली. मग बराच वेळ घेऊन, एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, ''तु... तुम्ही वाचा. दुसरं को... कोणी नको.''

निरोपाच्या दिवशी तेरा नंबर झाला. मी सूत्रसंचालकाच्या हातून कागद घेतला आणि स्वतः उभी राहिले. पोरे चमकली. 'चौदा' म्हटल्याबरोबर सभागृहात इतकी शांतता पसरली, की बाहेर रिक्षा वळल्याचे ऐकू आले. मी वाचले :

चौदा नंबर हजर असतो, बाक देतो साक्ष,
बाक मोडला तर भरपाईकडे शाळेने द्यावे लक्ष!

कोणी हसेना. पोरे एकमेकांकडे बघत होती. हसावे की नाही, त्यांना कळत नव्हते. माझ्या हातातला कागद थरथरत होता. तेवढ्यात चौथ्या रांगेतून आवाज आला. टक् टक्.

तो उभा होता आणि हसत होता. मग सत्तावीस नंबरने आपल्या बाकावर वाजवले, टक् टक्. मग एकोणीस आणि वीसने, अर्थातच एकदम. मग चौतीसने, त्याच्या हाताखाली बाक खरोखरच हादरला. आणि मग सगळ्या दहावी 'क'ने बाके वाजवायला आणि हसायला सुरुवात केली. आवाज ऐकून मुख्याध्यापक धावत आले. त्यांना वाटले, पोरांनी दंगल मांडली.

चौदा नंबरला भेट द्यायला मी काहीच आणले नव्हते. टेबलावर हजेरीची लाकडी पट्टी होती, तीच दिली. त्या दिवशी मुलांच्या शाळेतल्या निरोप समारंभालाही एक रुमाल लागला. तो माझा होता.

पुढे काय झाले?

निरोपानंतर मुले अभ्यासाच्या सुट्टीला लागली आणि मार्चमध्ये ७५० गुणांची ती परीक्षा पार पडली. परीक्षेच्याच दिवसांत, १३ मार्चला, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत आणि श्रीलंका उपान्त्य सामना झाला. १ बाद ९८ वरून ८ बाद १२० अशी आपली घसरगुंडी उडाली, प्रेक्षकांनी गोंधळ घातला, सामना थांबवून श्रीलंकेला बहाल केला गेला आणि विनोद कांबळी मैदानातून रडत बाहेर आला. साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहिले. एकोणीस नंबर मला नंतर म्हणाला, ''बाई, त्या दिवशी आम्ही आठ-दहा जण एकाच्या घरी मॅच बघत होतो. कांबळी रडला आणि'' इथे तो थांबला. वीसनेही वाक्य पूर्ण केले नाही. खूप वेळाने म्हणाला, ''मग कोणी कोणाकडे बघितलंच नाही.''

निकाल लागला. अकरा नंबर गुणवत्ता यादीत थोडक्यात हुकला. पेढे घेऊन आला आणि म्हणाला, ''बाई, एवढं सगळं पाठ केलं, आता हे कुठे कामाला येणार?'' चौतीस गणितात काठावर पास झाला. त्याचा पेढा अकरा नंबरच्या पेढ्यापेक्षा मोठा होता. आज मंडईत त्याचा स्वतःचा गाळा आहे आणि माझ्याकडून तो सुटे पैसे कधी घेत नाही. सत्तावीस भूगोल शिकवतो. होय, शिक्षक झाला! वर्गाबाहेर तो कोणालाही काढत नाही. विचारले तर म्हणतो, ''बाई, बाहेर पोरं जास्त शिकतात, मग आपली किंमत कमी होते.'' तीन नंबर अजूनही त्याच वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत राहतो आणि वर्गाच्या मेळाव्याला सर्वांत शेवटी पोहोचतो. हल्ली ट्रॅफिक असते म्हणे.

चौदा नंबर हिशेबतपासनीस आहे. त्याचे अडखळणे कमी झाले, पण संपले नाही. चमत्कार गोष्टीत होतात. लग्न ठरले तेव्हा मुलीला घेऊन तो मला भेटायला आला. ती त्याचे वाक्य संपेपर्यंत शांतपणे थांबते, हे बघून मी मनातल्या मनात निर्धास्त झाले.

दर गुरुपौर्णिमेला सकाळी सात वाजता माझा फोन वाजतो. मी उचलते, 'हॅलो' म्हणते. पलीकडून कोणी बोलत नाही. पहिल्या वर्षी मला वाटले, रॉंग नंबर. ठेवणार इतक्यात आवाज आला. टक् टक्.

आता मला सवय झाली आहे. मी हजेरीचे पुस्तक समोर असल्यासारखी म्हणते, ''चौदा, हजर.'' मग आम्ही बोलतो. निवांत. त्यालाही घाई नसते आणि निवृत्त झाल्यापासून मलाही नाही.